आधी पाणी, मग झाड: पीटची दलदली जंगलं सावरण्याचं काम नाशिकहून शिकताना

त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांवर सलग समतल चर खणलेली, सिन्नरच्या माळावर श्रमदान केलेली, कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकणारी तरुण मंडळी हल्ली विचारतात, की इंडोनेशियातल्या दलदली जंगलांवर एवढं काम चाललंय, त्यात आपल्याला शिरता येईल का? येईल. पाणलोटाच्या कामाचा आपला अनुभव तिथे खरोखर उपयोगी पडतो. मात्र त्याच अनुभवातल्या काही सवयी तिथे घातक ठरतात. कुठली सवय सोबत न्यायची आणि कुठली इथेच ठेवायची, हे नवख्या माणसाला आधी कळायला हवं. म्हणून कामाच्या पायऱ्या सांगतानाच, प्रत्येक पायरीचा सराव नाशिकमध्ये राहून कसा करायचा, तेही सांगतो.

एक गोष्ट पहिल्यापासून मनात पक्की धरा. बिघडलेल्या पीटच्या जंगलात झाड शेवटी येतं, पाणी आधी. हा क्रम उलटा केला की लावलेली रोपं एक तर वाळतात, नाही तर जळतात.

पीट म्हणजे काय, हे हाताने समजून घ्या

आपली काळी माती बेसाल्ट झिजून तयार झाली. पीटचा खडकाशी काही संबंध नाही. दलदलीत पडलेली पानं, फांद्या, मुळं, अख्खी खोडं पाण्याखाली राहतात. तिथे प्राणवायू पोचत नाही, पाणी आंबट असतं, त्यामुळे ती पुरती कुजत नाहीत आणि थरावर थर साचत जातो. कैरीच्या लोणच्यात फोडी तेलाखाली बुडालेल्या असतात तोवर वर्षभर टिकतात, वर उघड्या पडलेल्या फोडीला मात्र चार दिवसांत बुरशी धरते. पीटचं तसंच आहे. पाण्याखाली आहे तोवर हजारो वर्षं टिकतं, उघडं पडलं की नासायला लागतं.

हा थर वर्षाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. म्हणजे मीटरभर पीट साचायला हजार वर्षांच्या आसपास काळ लागतो, आणि इंडोनेशियातल्या कालिमंतान (बोर्निओ बेटाचा इंडोनेशियातला भाग) आणि सुमात्रा बेटावर काही ठिकाणी थर १० मीटरांहूनही जाड आहे. इंडोनेशियाच्या नियमांनुसार थर किमान ५० सेंटीमीटर जाड आणि त्यात सेंद्रिय भाग किमान ६५ टक्के असेल तर त्याला पीट म्हणायचं. सुकवलेल्या पीटच्या वजनात निम्म्याहून थोडा अधिक कार्बन असतो. ओल्या, धड पीटच्या आकारमानाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग नुसतं पाणी असतं. सामू ३ ते ४. जगातल्या जमिनीच्या अवघ्या ३ टक्के भागावर पीट आहे, पण कार्बनचा साठा एवढा मोठा की तो हवेत सुटला तर त्याचा परिणाम सगळ्यांच्याच पावसापाण्यावर होतो.

पीट किती कुजलंय हे जागेवर ओळखायची एक जुनी, सोपी रीत आहे. ओलं पीट मुठीत घेऊन पिळायचं. बोटांमधून स्वच्छ पाणी निघालं तर ते जवळजवळ ताजं आहे. गढूळ पाणी आलं तर अर्धवट कुजलेलं. लगदाच बाहेर आला आणि मुठीत काही उरलं नाही, तर पार कुजलेलं. याला फॉन पोस्ट मोजपट्टी म्हणतात आणि ती १ ते १० अशी जाते. पीट नसलं तरी हा हात घरी बसवता येतो. कंपोस्टच्या खड्ड्यातून महिन्याचं, सहा महिन्यांचं आणि वर्षाचं असं तीन वयांचं कंपोस्ट घ्या, भिजवा, पिळा आणि प्रत्येक वेळी काय दिसलं ते वहीत लिहा. आठवडाभरात बोटांना फरक कळायला लागतो.

इथे एक खुलासा करायलाच हवा. आपल्या रोपवाटिकांमध्ये मिळतं ते कोकोपीट नारळाच्या सोडणाचा भुसा असतो. त्याचा पीटशी नावापुरताच संबंध. गोण्यांमधून येणारं पीट मॉस मात्र खरं पीट आहे, थंड प्रदेशातल्या दलदली खणून काढलेलं. पीट वाचवण्याच्या कामाला लागणाऱ्या माणसाने आपल्या रोपवाटिकेत ते वापरू नये, असं मला मनापासून वाटतं.

बिघाड कुठून सुरू झाला

१९९५ मध्ये इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी मध्य कालिमंतानमध्ये सुमारे १० लाख हेक्टर दलदलीवर भातशेती उभी करायचा प्रकल्प काढला. चार हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खणले. पाणी देण्याबरोबरच पाणी काढून टाकणं हेही त्यांचं काम होतं, आणि ते काढण्याचं काम त्यांनी फार चोख केलं. आंबट, अन्नद्रव्यहीन जमिनीत भात काही आला नाही. १९९७ मध्ये एल निनोचा कोरडा हंगाम आला आणि सुकलेलं पीट महिनोन्महिने जळत राहिलं. दशक संपायच्या आत प्रकल्प गुंडाळला गेला. कालवे मात्र तसेच राहिले, आणि आजही बुजवले नाहीत तिथे रात्रंदिवस पाणी वाहून नेत आहेत.

पाणी उतरलं की दोन गोष्टी घडतात. उघडं पडलेलं पीट कुजून हवेत जातं. पाणीपातळी दर १० सेंटीमीटर खाली गेली की हेक्टरी वर्षाला साधारण ९ टन कार्बन डायऑक्साइड जास्त सुटतो, असा ढोबळ हिशेब आहे. दुसरं म्हणजे जमीनच खचते. सुमात्रात निचरा केलेल्या लागवडींवर झालेल्या मोजणीत पहिल्या पाच वर्षांत जमीन सुमारे १.४ मीटर बसली आणि त्यानंतर दरवर्षी साधारण ५ सेंटीमीटर बसत राहिली. वर्षाला १ मिलिमीटर साचणाऱ्या थराचं हे नुकसान आहे.

२०१५ चा सिंहस्थ नाशिककरांना आठवत असेल. पाऊस रुसलेला होता आणि गंगापूर धरणातून शाहीस्नानासाठी पाणी सोडण्यावरून केवढा वाद झाला होता. त्या वर्षी देशभरात मॉन्सून सरासरीपेक्षा १४ टक्के कमी पडला. ज्या एल निनोने आपला पाऊस कमी केला, त्यानेच कालिमंतानचा कोरडा हंगाम लांबवला. आपण रामकुंडावर होतो त्या सप्टेंबरात तिथलं पीट धुमसत होतं. इंडोनेशियात त्या वर्षी सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली, त्यात पीटचा वाटा मोठा होता, आणि जागतिक बँकेने नुकसान १६ अब्ज डॉलरच्या घरात धरलं. त्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या सरकारने पीट पुनर्स्थापनेसाठी स्वतंत्र संस्था नेमली आणि २० लाख हेक्टरांचं उद्दिष्ट ठेवलं. आज या कामात जे काही शिकायला मिळतं, त्यातलं बरंचसं त्या धुरातून आलेलं आहे.

पहिली पायरी: न दिसणारा डोंगर शोधा

पीटचं जंगल दिसायला सपाट असतं, पण दोन नद्यांच्या मध्ये पीट घुमटासारखं फुगलेलं असतं. घुमटाच्या मध्याला नदीचं पाणी पोचतच नाही, तिथलं जंगल फक्त पावसावर जगतं. चढ इतका मंद, की किलोमीटरमागे बहुधा मीटरभरही नसतो. ब्रह्मगिरीकडे पाहत वाढलेल्या डोळ्यांना तो दिसणार नाही. मोजावाच लागतो.

दोन नद्यांमधला हा अख्खा पट्टा, घुमटासकट, पाण्याच्या हिशेबाने एकच घटक मानतात. तुम्हाला दिलेलं शंभर हेक्टर क्षेत्र त्या घटकात कुठे बसतं, माथ्यावर, उतारावर की नदीकाठी, हे ठरल्याशिवाय कुदळ उचलू नका. शेजारच्या जमिनीवर खोल कालवा चालू असेल तर तुमच्या हद्दीत केलेलं काम टिकत नाही, कारण एका कालव्याचा परिणाम शेकडो मीटर आतपर्यंत जातो. पाणलोटात आपण ‘माथा ते पायथा’ म्हणतो, ती शिस्त इथे जशीच्या तशी लागू पडते. ही सवय सोबत न्या.

थराची जाडी मोजायला लांब दांड्याचं गिरमिट वापरतात. दांडे जोडत जोडत खालची चिकण माती किंवा वाळू लागेपर्यंत ते खाली घालायचं. ३ मीटर किंवा त्याहून जाड पीट इंडोनेशियाच्या नियमांनुसार राखीव धरावं लागतं, तेव्हा ही मोजणी कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

सरावासाठी डंपी लेव्हल किंवा हायड्रोमार्कर, म्हणजे जमिनीच्या उंचीतला फरक मोजायचं साधन, घेऊन निफाडकडच्या सपाट शिवारात दोन किलोमीटरची रेषा मोजा. डोंगरात उतार डोळ्यांना कळतो, म्हणून मोजणीतली चूक लपून राहते. सपाटीवर दहा सेंटीमीटरची चूकही लगेच अंगावर येते, आणि पीटमध्ये तेवढ्यावरच सगळं ठरतं.

दुसरी पायरी: पाणी मोजा, आणि वर्षभर मोजत राहा

साधन साधं आहे. दोन इंची पीव्हीसी पाइपला बाजूंनी भोकं पाडायची, त्यावर जाळी बांधायची आणि पाइप पीटमध्ये उभा घालायचा. जमतील तितके पाइप खालच्या घट्ट मातीत टेकवायचे, म्हणजे पीट बसलं तरी पाइप बसत नाही. कालव्यापासून काटकोनात रेषा धरून ५, २०, ५०, १००, २०० मीटर अशा अंतरांवर ते लावले की पाणी कालव्याकडे कसं घसरत जातं ते स्वच्छ दिसतं. खोली नेहमी जमिनीच्या पृष्ठभागापासून लिहायची. पाइपच्या तोंडापासून मोजली असेल तर वर राहिलेली उंची वजा करायची. ही बारीक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण वर्षाअखेर आकडे जुळेनात की दोष बहुधा इथेच सापडतो.

सरासरीवर समाधान मानू नका. पावसाळ्यात पाणी जमिनीच्या वर आणि कोरड्या हंगामात मीटरभर खाली गेलं, तर सरासरी ठीकठाक दिसेल आणि जंगल जळून जाईल. पाहायचा आकडा म्हणजे कोरड्या हंगामातली सगळ्यात खालची पातळी आणि ती किती दिवस टिकली. इंडोनेशियाच्या २०१६ च्या नियमात लागवडीखालच्या पीटमध्ये पाणी ४० सेंटीमीटरपेक्षा खाली जाऊ द्यायचं नाही, अशी मर्यादा आहे. जंगल परत आणायचं असेल तर पाणी त्याहूनही पुष्कळ वर, जमिनीला लागून हवं.

पाइपच्या शेजारी घट्ट मातीत रोवलेला एक लोखंडी दांडा हवाच. दरवर्षी त्याच तारखेला त्याचा उघडा भाग मोजला की जमीन किती बसली ते कळतं.

याचा सराव करायला आपल्या जिल्ह्यासारखी जागा नाही. गोदावरीच्या कालव्यांखालच्या गावांमध्ये चिबड, म्हणजे पाणी साचून खराब झालेल्या जमिनी आहेत. एखाद्या ओळखीच्या शेतकरीकाकांना विचारून त्यांच्या चिबड तुकड्यात असे तीन पाइप लावा आणि आठवड्याला एकदा मोजा. शेजारच्या विहिरीची पातळीही पंप सुरू व्हायच्या आधी टेपने घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्याकडे दर आठवड्याचे आकडे असतील तर पाण्याचं वागणं फार बारकाईने कळेल.

आणि इथेच एक सवय मागे ठेवायची आहे. चिबड जमीन दिसली की आपला हात निचऱ्याच्या चराकडे जातो. ऊस-द्राक्षाच्या शेतात ते बरोबरच आहे. पीटमध्ये तोच चर रोगाचं मूळ आहे. समतल चरही नको, रोपासाठी खोल खड्डाही नको. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ यातलं फक्त अडवा घ्या. पीटमध्ये पाणी खोल जिरवायचं नसतं, वरच उभं राहू द्यायचं असतं.

तिसरी पायरी: कालवा कोणाचा आहे, ते विचारा

नकाशावर ‘बेकायदा चर’ म्हणून दिसणारी रेघ गावातल्या कोणाची तरी रोजची वाट असते. मध्य कालिमंतानात दायाक आणि बंजार लोक याच पाण्यातून होडीने रबराच्या बागेत, मासेमारीला, शाळेत जातात. बांध घालून वाट अडवली आणि होडी पलीकडे ओढायला उतारही ठेवला नाही, तर बांध फोडला जातो. त्यात त्यांची चूक धरता येत नाही.

पेठ-सुरगाण्यात पेसा कायद्याखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, ग्रामसभेच्या मान्यतेने काम केलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. संमती काम सुरू व्हायच्या आधीची हवी, पूर्ण माहिती देऊन घेतलेली हवी आणि नाही म्हणायची मोकळीक ठेवलेली हवी. बांधाची जागा गावातल्या जुन्या माणसांबरोबर होडीत बसून ठरवा. कोरड्या महिन्यात पाणी कुठे आधी आटतं, कुठला चर कोणी आणि कधी खणला, हे त्यांना कोणत्याही उपग्रहापेक्षा नीट माहीत असतं.

चौथी पायरी: कालवे अडवा

सगळ्या कामाचा गाभा हा आहे, आणि पाणलोटवाल्यांचा हात सर्वांत जास्त इथेच चालतो, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न वजनाचा. आपण नाल्यात गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरलेला बांध) घालतो, सिमेंटचा बंधारा बांधतो, कारण खाली मुरूम किंवा कातळ असतो. पीटखाली काही मीटरपर्यंत घट्ट असं काहीच नाही. दगड-सिमेंटचा बांध स्वतःच्या वजनानेच खचतो, कलतो, आणि त्याच्या बुडाखालून पाणी वाट काढतं. म्हणून तिथे बांध लाकडाचा आणि पीटचाच असतो. गेलाम नावाच्या, पाण्यात टिकणाऱ्या झाडाच्या लांब बल्ल्या दोन ओळींत ठोकून पेटी करतात, आतून कापड लावतात आणि पीट किंवा माती भरलेल्या पोत्यांनी ती गच्च भरतात. वनराई बंधारा बांधलेल्या माणसाला पोती रचायचा हात असतो, तो इथे चालतो. मोठ्या कालव्यांत यंत्राने ओलं, कुजलेलं पीट दाबून दाबून रुंद बांध घालतात. पीट त्यासाठी कुठून उचलायचं हेही पाहावं लागतं, नाही तर बांधाशेजारीच नवा खड्डा पडतो.

दुसरा प्रश्न उंचीच्या फरकाचा. एकच उंच बांध घालून भागत नाही. पीट सच्छिद्र असतं. बांधाच्या एका बाजूला पाणी फार चढलं की ते बांध सोडून काठाच्या पीटमधून वळसा घालतं आणि महिनाभरात बांधाच्या शेजारून नवा ओहोळ तयार होतो. म्हणून लहान लहान बांधांची माळ घालायची. दोन बांधांमधल्या पाण्याच्या पातळीत वीत-दीड वीत फरक राहील, इतकी ती दाट हवी. बांधाचे दोन्ही पंख काठाच्या आत खूप लांबवर न्यायचे. अनेक बांध मध्ये शाबूत राहतात आणि कडेने वाहून जातात, ते पंख आखूड ठेवल्यामुळे.

सुरुवात घुमटाच्या माथ्याकडून करायची. वरून येणारं पाणी कमी झालं की खालच्या बांधांवर ताण येत नाही.

तिसरा प्रश्न सांडव्याचा. बांध पूर्ण पाणबंद करायचा हट्ट सोडा. पाणी थांबवायचं नाही, हळू करायचं आहे. जास्तीचं पाणी मधून, ठरवलेल्या जागेवरून जाईल असा कमी उंचीचा सांडवा ठेवा. गावाची होडी जात असेल तर तो तेवढा रुंद करा आणि खालच्या बाजूला पाणी आदळून पीट खोदलं जाणार नाही अशी लाकडांची शेज घाला.

कामाचा हंगामही जपून निवडावा लागतो. सामान होडीने येईल इतकं पाणी हवं आणि बल्ल्या ठोकता येतील इतकं ते कमी हवं. हा मधला काळ थोडाच असतो. बांध झाला की पहिल्या जोराच्या पावसानंतर स्वतः जाऊन पाहा: पंखांशेजारी गळती, सांडव्याखालची खोदाई, सैल झालेली पोती. दुरुस्ती तेव्हा तासाभरात होते, हंगाम उलटल्यावर बांधच नव्याने घालावा लागतो. बांधावर आणि वरच्या थांबलेल्या पाण्यात झाडं-गवतं वाढू द्या. काही वर्षांनी लाकूड कुजेल, तोपर्यंत कालवा गाळाने, मुळांनी भरत आलेला असावा, हाच खरा बेत असतो. शक्य असेल तिथे कालवा पूर्ण बुजवणं सर्वांत उत्तम.

सेबंगाउ राष्ट्रीय उद्यान हे या कामाचं पाहण्यासारखं ठिकाण आहे. २००४ मध्ये ते घोषित झालं. त्याआधी लाकूडतोड्यांनी ओंडके तरंगत न्यायला हाताने खणलेले असंख्य अरुंद चर तिथे होते. मोठा कालवा नकाशावर दिसतो, हे चर झाडीखाली लपलेले असतात आणि पाणी तितकंच नेतात. ते पायी फिरूनच सापडतात.

पाचवी पायरी: आग लागूच नये म्हणून

सह्याद्रीतला वणवा गवतावरून पळतो आणि पुढे जातो. पीटची आग खाली उतरते. ज्वाळा दिसत नाहीत, धूर येत राहतो, मुळं जळून उभं झाड अचानक कोसळतं. ती झोडपून विझत नाही. जमीन चिंब होईपर्यंत पाणी ओतावं लागतं, म्हणून गावागावांत उथळ बोअर घेऊन पंप तयार ठेवतात. ओली जमीन पेटत नाही, तेव्हा चौथी पायरी हीच पहिली अग्निशमन व्यवस्था. आपण डोंगरावर जाळरेषा काढतो, तिच्या जागी तिथे खोल चर खणू नका, तो निचराच करेल.

कालिमंतानच्या दक्षिण भागात कोरडा हंगाम साधारण जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे आपला पावसाळा. नाशिकमध्ये आगीचे महिने फेब्रुवारी ते मे. यामुळे वर्षभर सराव करता येतो. नासाची फर्म्स ही मोफत सेवा उपग्रहांना दिसलेले उष्ण ठिपके रोज दाखवते आणि निवडलेल्या भागाची सूचना ईमेलने पाठवते. उन्हाळ्यात हरसूल-पेठचे ठिपके लावून ठेवा आणि प्रत्यक्ष तिथे काय जळलं याची खात्री करून घ्या. शेतातला राब (पेरणीआधीची भाजणी) कुठला आणि वणवा कुठला, हे ओळखता यायला लागलं की जुलैपासून पालंकाराया शहराच्या आसपासचा भाग लावा.

सहावी पायरी: आता झाड

पाणी वर आलं, दोन हंगाम आग लागली नाही, की आधी थांबा आणि पाहा. जवळ जंगल शिल्लक असेल तर वारा, पक्षी, वटवाघळं बी आणतात. तुमिह, गेरुंगांगसारखी झाडं आपणहून उठतात. त्यांना फक्त नेच्याच्या दाट गालिच्यातून वाट करून द्यावी लागते, तीही रोपाभोवती हातभर. सरसकट साफसफाई करू नका, सावली गेली की पीट तापतं.

जंगल लांब असेल तर लावणी. बालांगेरान, दलदली जेलुतुंग, पुलाई ही तिथे चाललेली झाडं. रामिन मौल्यवान आहे पण वाढीला फार सावकाश. बालांगेरान शाल वृक्षाच्या कुळातलं आहे, त्याचं बी साठवून ठेवता येत नाही. पडल्यावर काही दिवसांत रुजवलं नाही तर मरतं. म्हणून रोपवाटिका जंगलाजवळ हवी, आणि मातृवृक्षाखालची पीटची मूठभर माती पिशवीत मिसळावी, मुळांना लागणारी बुरशी तिच्यातून येते.

याचा सराव जांभळावर करा. जांभळाचं बीही साठवणीत लवकर मरतं. जूनमध्ये त्र्यंबक रस्त्यावर पाट्या भरून जांभळं येतात. एका पाटीतलं बी त्याच दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने लावून उगवण मोजा. बी नेमकं कधी हातचं जातं ते तुमच्याच वहीत दिसेल.

लावताना खड्डा नाही, उंचवटा. पीटचा छोटा ढीग करून त्यावर रोप लावतात, म्हणजे पावसाळ्यात महिनोन्महिने पाण्यात मान बुडत नाही. रोप उंच, उन्हाला सरावलेलं हवं. चुना, खत नको. ही झाडं त्या आंबट जमिनीचीच आहेत. भरभर हिरवं दाखवायला अकेशिया लावायचा मोह टाळा, त्याला आणि तेलताडाला वाढायला निचरा लागतो. निदान तीन वर्षं मोजणी करा, आणि जगलेल्या रोपांचा आकडा जितका ठळक सांगाल तितकाच मेलेल्या रोपांचाही सांगा.

गावाचं पोट

ओल्या पीटवर उत्पन्न मिळालं तरच बांध राहतील. साबुदाणा-ताड, जेलुतुंगचा चीक, चटया विणायचं पुरुन नावाचं लव्हाळं, थांबलेल्या पाण्यातले मासे, मध, हे सगळं निचरा न करता होतं. अडचण पिकवण्यात कमी आणि विकण्यात जास्त येते. कांद्याच्या भावात होरपळलेल्या जिल्ह्यातल्या माणसाने ग्राहक ठरायच्या आधी लागवड सुचवू नये.

नाशिकमधून सुरुवात

पहिलं वर्ष वर सांगितलेल्या वह्यांचं. विहीर आणि पाइपची पातळी, कंपोस्टची पिळणी, जांभळाची उगवण, आगीचे ठिपके. त्याबरोबर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर शिका आणि उंचीच्या नकाशावर कालवे आखायचा सराव करा. इंडोनेशियाची भाषा लवकर सुरू करा. गावातली बैठक इंग्रजीत होत नाही, आणि तिथले बरेच उपयोगी अहवालही त्याच भाषेत असतात. पुढे बोगोरचं सिफोर-इक्राफ हे संशोधन केंद्र, पालंकाराया विद्यापीठ, वेटलँड्स इंटरनॅशनल अशा ठिकाणी शिकाऊ म्हणून अर्ज करताना तुमची वर्षभराची वही पदवीइतकीच बोलेल.

ओल्या जमिनीत पाय ठेवायची सवय नांदूर मधमेश्वरला होते. गोदावरी-कादवा संगमावरचं हे अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिथे पीट नाही, गाळ आहे, पण पाणी वीतभर चढल्या-उतरल्याने कुठली वनस्पती कुठे सरकते ते डोळ्यांसमोर दिसतं. अभयारण्यात काहीही खणू नका, रोवू नका. निरीक्षण, फोटो आणि तारीख एवढंच.

जमलं तर एकदा सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याला जा. रानजायफळाची ती दलदल अवघी २.५९ हेक्टर आहे आणि २०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तीही पीटची नाही, गोड्या पाण्याची दलदल आहे. पण श्वास घ्यायला चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं आणि झाडीखालून सावकाश सरकणारं पाणी महाराष्ट्रात पाहायचं तर तिथे. जायच्या आधी वनविभागाला आणि गावाला कळवा, पाच-सहापेक्षा जास्त माणसं नेऊ नका, आणि आत चालताना वर आलेल्या मुळांवर पाय देऊ नका.